गावच्या फलकावर आकडा, नावं मात्र इथे: युद्धमृतांच्या शोधसेवेचं परीक्षण

साताऱ्यात, कोकणात बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाचा एक संगमरवरी फलक चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेला दिसतो. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असे दोन आकडे. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा ४६ हा आकडा अनेकांना पाठ आहे, पण आपापल्या गावचे ते चार-सहा जण कोण होते हे विचारलं की सगळे गप्प. ही नावं घरबसल्या शोधायची असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी व स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाच्या संकेतस्थळावरची शोधसेवा हे आज सर्वात कामाचं साधन आहे. पैसे लागत नाहीत. डोकं मात्र लागतं, कारण ही सेवा मराठी नावं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नाही.

१९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नोंद आहे. पहिल्या युद्धासाठी मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. त्याबाहेरचं काहीही इथे शोधू नका. १९६२, १९६५, १९७१ किंवा कारगिलचे जवान इथे नाहीत. त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर आहेत.

पहिली चूक सगळे एकच करतात: आडनावाच्या रकान्यात आडनाव टाकतात. भारतीय शिपायांची नावं इथे बरेचदा पूर्णच्या पूर्ण आडनावाच्या रकान्यात भरलेली आहेत, आणि स्पेलिंग पलटणीच्या कारकुनाच्या कानावर अवलंबून. जाधवच्या शेवटी कुठे व्ही, कुठे डब्ल्यू, कुठे ए-ओ. पवारचा पोवार होतो, चव्हाणात दुसरा व्ही असेलच असं नाही. साधं उदाहरण घ्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ रोजी इटलीत वयाच्या २२व्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांच्या नावात वायनंतर ए नाही, ई आहे. इतक्या प्रसिद्ध माणसाची ही गत, तर साध्या शिपायाची काय असेल!

म्हणून आडनाव सोडा आणि प्रगत शोधातल्या 'अधिक माहिती' या रकान्यापासून सुरुवात करा. अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा अशी ओळ अनेक भारतीय नोंदींत असते. गावाचं स्पेलिंग बिनभरवशाचं, तेव्हा आधी तालुका टाकून पाहा. जिल्हा टाकताना तो त्या काळचाच हवा. रायगड नव्हे, कुलाबा. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीतच होता. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात. फलटण, भोर, औंध, सावंतवाडी ही संस्थानं होती, त्यामुळे तिथल्या माणसापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव असू शकतं.

गावावरून नाही जमलं तर पलटणीवरून जा. इथे आणखी एक खोच आहे: त्या काळच्या इंग्रजीत मराठा या शब्दात एच आरच्या आधी येतो आणि टी दोन. आजच्या स्पेलिंगने पलटण शोधाल तर हाती काहीच लागणार नाही. १९२२च्या आधी पलटणींचे क्रमांकही वेगळे होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडल्या होत्या (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६), त्यामुळे घरात 'बसऱ्याला गेला' एवढीच आठवण उरली असेल तर शोध तिथून सुरू करावा. मात्र प्रत्येक मराठी माणूस मराठा पलटणीतच होता असं धरू नका. खडकीचे सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंते, रस्ते-खंदक खणणाऱ्या पायोनियर पलटणी, मजूर तुकड्या, खेचरांच्या तुकड्या, डोलीवाले हेही पाहावे लागतात. यादी मोठी निघाली तर ती तक्ता म्हणून उतरवून घ्या आणि आपल्या संगणकावर तालुक्याप्रमाणे लावा. संकेतस्थळावर पान-पान उलटण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

कोकणातल्या खलाशांचा शोध वेगळा चालतो. त्यांच्या नोंदीत पलटणीच्या जागी भारतीय व्यापारी नौदल आणि जहाजाचं नाव येतं. त्यापुढे कंसात एक बंदर असतं. ते खलाशाचं गाव समजून लोक फसतात. ते जहाजाच्या नोंदणीचं बंदर असतं. समुद्रात गेलेल्या या माणसांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं तिथे आहेत, तर दुसऱ्या युद्धासाठी नामावलीचं पुस्तक आहे.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव आणि पॅनेलचा, म्हणजे नाव असलेल्या शिळेचा, क्रमांक नीट वाचा. हिंदू शिपायांचं दहन होत असल्यामुळे कबर बहुधा नसतेच, नाव स्मारकावर असतं: फ्रान्समधलं नव शापेल, इराकमधलं बसरा, इटलीतलं कॅसिनो, ब्रह्मदेशातलं रंगून. खडकीची युद्धदफनभूमी जवळ आहे म्हणून तिथे आपला माणूस मिळेल ही आशा बहुतेकदा फोल ठरते. तिथल्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत.

बसऱ्याच्या बाबतीत आयोगाला गुण कापावेच लागतात. १९२९ साली उभारलेल्या त्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या भारतीय शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा. म्हणजे गावच्या फलकावर जे झालं तेच तिथेही. आयोगानेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,०००पर्यंत माणसांची नावानिशी स्मृती राखलीच गेली नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून नाव सापडलं नाही याचा अर्थ माणूस गेलाच नव्हता असा काढू नका. मजूर आणि खेचरवाले अशा गळतीत जास्त असतात.

चूक दुरुस्त करून घेता येते, राहिलेलं नावही सुचवता येतं, पण कागद लागतो. मुदतीत मृत्यू झाला आणि तो सैन्यसेवेशी जोडलेला होता, या दोन्ही गोष्टी पुराव्याने दाखवाव्या लागतात. पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक, पलटणीचं पत्र, जे असेल त्याचं छायाचित्र जोडा. पदक घासून चकचकीत करू नका. कडेवरची अक्षरं आधी जातात.

नोंदीसोबत स्मृतिप्रमाणपत्रही उतरवता येतं. छापायला चांगलं, पण स्पेलिंग तेच कारकुनी आणि रोमन. गावात नवा फलक लावायचा असेल तर घरच्यांकडून खरं मराठी नाव घ्या, हुद्दा आणि पलटण नोंदीतून घ्या, आणि रोमन स्पेलिंग, सैनिक क्रमांक व पॅनेल क्रमांक ग्रामपंचायतीच्या दप्तरी वेगळे लिहून ठेवा. पुढच्या पिढीला नोंद पुन्हा काढायची झाली तर दगडावरचं नाव उपयोगी पडणार नाही, क्रमांक पडेल.