डेंग्यू आणि चिकुनगुनिया: एकदा होऊन गेला की सुटलो का?

पावसाळ्यात सांगली-मिरजेतल्या दवाखान्याच्या बाकावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मला मागंच होऊन गेलाय, आता परत काय होत नाय." चिकुनगुनियापुरतं हे बरंचसं खरं आहे. डेंग्यूच्या बाबतीत मात्र हा भरवसा महागात पडू शकतो.

दोन्ही आजार एडिस डासच पसरवतो, पिंपात आणि जुन्या टायरात साठलेल्या पाण्यावर वाढणारा. दोन्हींत शरीर अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, बनवतं: आधी आयजीएम प्रकारच्या आणि मागोमाग टिकाऊ आयजीजी प्रकारच्या. चिकुनगुनियात त्या एकदा तयार झाल्या की संरक्षण बहुधा वर्षानुवर्षं राहतं. सांधे महिनोन्महिने धरतात, तो त्रास वेगळा.

डेंग्यूच्या विषाणूचे प्रकार चार. ज्या प्रकाराने ताप आला, त्याच्यापासून संरक्षण जवळपास जन्मभर. उरलेल्या तिघांपासून ते थोडेच महिने. पुढे त्यातल्या एकाने गाठलं, की जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात खऱ्या, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने विषाणू काही पांढऱ्या पेशींत शिरतो आणि तिथे वाढतो. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका जास्त. प्रत्येकाला तसं होतंच असं नाही.

पूर्वी डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, जुना रिपोर्ट सोबत न्या. ताप उतरताना पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.