रोबोकॉपी : एक काळी खिडकी आणि ६१२ जीबी गाणं

मी मिरजेत पेटी शिकवतो. कॅसेटवरून, सीडीवरून आणि स्वतःच्या रेकॉर्डरवर जमवलेलं सगळं गाणं जुन्या लॅपटॉपमध्ये होतं. ६१२ जीबी, ३८ हजारांच्या वर फायली. त्याची हार्ड डिस्क टकटक करायला लागली तेव्हा नवा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, डेटा आम्हीच टाकून देतो की." मी हात जोडले. मागच्या खेपेला एका दुकानात असाच टाकून घेतला होता. तिथल्या पोरानं सगळी गाणी एकाच फोल्डरमध्ये ओतली. 'ट्रॅक ०१' नावाच्या फायली माझ्याकडे शेकड्यानं. एकीवर एक पडत शेवटी एकच उरली, तीही कुणीतरी दिलेल्या आरत्यांची.

म्हणून या वेळी रोबोकॉपी, म्हणजे फायलींची फोल्डरांसकट नक्कल करणारी कमांड. ही वेगळी आणावी लागत नाही, व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजमध्येच असते. फक्त तिला ना बटण ना चित्र. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची आणि कुठून, कुठे, कसं ते टाइप करायचं.

आधी माऊसनं ओढून बघितलंच होतं. अर्ध्या वाटेत 'नाव फार लांब' म्हणून गाडी अडली. दोष माझ्या हौशीचा. फाइलच्या पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे आणि तिथं देवनागरी महागात पडते, कारण काना, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं मोजलं जातं. 'किराणा' आपल्याला तीन अक्षरं, संगणकाला सहा. आणि माझे फोल्डर म्हणजे 'अब्दुल करीम खाँ स्मृती संगीत सभा, मिरज दर्गा, रात्र दुसरी, पहाटेची बैठक', त्याच्या पोटात राग, ताल, साथीदार. रोबोकॉपीनं असली नावं गपगुमान उचलली.

पहिल्या रात्री मात्र मी माती खाल्ली. कमांड दिली आणि झोपलो. सकाळी बघतो तर एकाच फाइलवर ठाण मांडून बसलेली : तीस सेकंद थांब, पुन्हा प्रयत्न, तीस सेकंद थांब. जुन्या डिस्कचा तो तुकडाच खराब होता. नंतर वाचलं की आपण काही सांगितलं नाही तर ती एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. हिशेब केला. ३४७ दिवस! एवढा रियाज माझ्या एकाही विद्यार्थ्यानं केलेला नाही. तेव्हा 'स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १' लिहायला विसरू नका. एकदा प्रयत्न कर, एक सेकंद थांब, पुढं चल.

दुसऱ्या रात्री आधी 'स्लॅश एल' लावून रंगीत तालीम घेतली. यात काहीच हलत नाही, काय काय हलेल त्याची फक्त यादी येते. मग खरं काम : जुन्यातून बाहेरच्या डिस्कवर २ तास ५७ मिनिटं. वेग ती मेगाबाइट प्रतिमिनिट सांगते, हे एक विचित्रच. माझा साडेतीन हजारांच्या आसपास होता. फायलींच्या तारखा जशाच्या तशा आल्या. फोल्डरांच्या हव्या असतील तर 'स्लॅश डीकॉपी कोलन टी' वेगळं लिहावं लागतं. मला हव्या होत्या, कारण कुठली कॅसेट कधी उतरवली याची माझ्याकडे तेवढीच नोंद आहे.

भाच्यानं फोनवर 'मामा, स्लॅश मिर लाव, सोपं पडेल' असा सल्ला दिला होता. बरं झालं ऐकला नाही. मिर म्हणजे आरसा. मूळ जागी जे नाही ते ती नव्या जागेवरून पुसून टाकते. नव्या लॅपटॉपवर त्याच फोल्डरमध्ये मी परवाच्या बैठकीची चौदा रेकॉर्डिंग आधीच टाकली होती.

प्लेलिस्टचं दुखणं तिच्या हातातलं नाही. माझ्या सगळ्या याद्यांत पत्ता डी ड्राइव्हचा, आणि नव्या लॅपटॉपला डी नाहीच. नोटपॅडमध्ये 'रिप्लेस' करून दहा मिनिटांत उरकलं. फक्त एक जुनी यादी एमथ्रीयू प्रकारात जतन केलेली, तिच्यात देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मराठी नावं असतील तर एमथ्रीयूएट हाच प्रकार निवडा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो दहा लाखांसाठी. पण शेवटी ती जो तक्ता देते त्यावर मी खूश आहे : एकूण किती, आले किती, वगळले किती, फसले किती. माझे फसले तीन, आणि ते कुठले हे लॉगमध्ये, म्हणजे तिनं लिहून ठेवलेल्या नोंदीत, नावानिशी. त्यातले दोन एका विद्यार्थिनीच्या पेनड्राइव्हवर सापडले. तिसरा कॅसेटची बी बाजू. कॅसेट आहे, पण डेकचा पट्टा वितळून चिकट झालाय. तो सांगलीत मिळतो का बघायला रविवारी जाणार आहे.