१० एक्सचं घडीचं भिंग: पैसे वसूल, पण दुकानदाराचं ऐकू नका

मित्राला द्यायला घेतलं होतं. हा गडी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला, दिवसभर पिक ग्लास (कापडातले धागे मोजायचं स्टँडवालं भिंग) लावून ताणा-बाणा मोजतो आणि पावसाळा लागला की माळावरचे फोटो पाठवून मला छळतो, "हे कुठलं फूल बे?" म्हटलं लेका नीट शिक की मग. तर म्हणे कॉमर्सवाल्याला बॉटनी काय जमणार. अरे पण आख्ख्या टॉवेलात चुकलेला एक धागा तुला दिसतो, अजून काय लागतं?

लॅबचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो तर त्यानं ४० एक्सचं, म्हणजे चाळीसपट मोठं दाखवणारं, लाइटवालं गळ्यात मारलं, जेवढा आकडा मोठा तेवढं भारी म्हणे. घरी येऊन बघतो तर फूल पार नाकाला टेकवलं तरी धूसर, आणि जरा हात हलला की सगळं गायब. पैसे परत द्यायला तयारच नाही, बदलून मात्र दिलं, तेही कुरकुरत. शिकणाऱ्यानं १० एक्सच घ्यावं. किंमत साडेतीनशे, स्टीलचं कव्हर, काच स्वच्छ. स्क्रू मात्र महिन्यात ढिला झाला आणि दोरी नव्हतीच, टॉवेलचंच सूत ओवलं शेवटी.

वापरताना सगळे चुकतात ते इथं. भिंग डोळ्याला लावून ठेवायचं आणि फूल इंचभर अंतरापर्यंत जवळ आणायचं. मित्राची पिक ग्लास इथं चालत नाही, तिचं अंतर स्टँडनं बांधलेलं, ती सपाट कापडासाठी.

रविवारी त्याला घेऊन सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकडं गेलो. एकदांडी दिली हातात, आपल्याकडं बांधावर, गटारीकडंला कुठंही उगवते ती. म्हणाला यात काय बघायचं, पाच पाकळ्या आन मधे पिवळं. भिंग लावल्यावर दोन मिनिटं गप्पच. ज्याला पाकळी म्हणत होता ते एकेक वेगळं फूल, टोकाला तीन दाते, बुडाशी एक बारीक दांडी, तिच्या शेंड्याला दोन फाटे, आणि मधला पिवळा दाणा न् दाणा म्हणजे पाच दात्यांची छोटी नळी. मग सवयीनं मोजायलाच बसला ओ! सूर्यफुलाचं कूळ हे, आणि रस्त्याकडंचं गाजरगवत पण त्याच घरचं, हे ऐकून तर जास्तच चक्रावला. पुढं गोखरू घेतला, पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, हे त्यानं स्वतःच मोजून सांगितलं.

आता वही केलीय त्यानं, तारीख, जागा, पानं समोरासमोर का एकाआड एक, एवढंच लिहितो, चित्र भयाण काढतो पण काढतो. नान्नजला माळढोक अभयारण्यात जायचं म्हणतोय, तिथं मात्र काही तोडायचं नाही, गुडघे टेकून बघायचं, हे बजावून ठेवलंय.

पाचपैकी चार, एक स्टार त्या स्क्रूपायी कापला. मला माझ्यासाठी पण एक घ्यायचंय, त्या दुकानातून नाही.