लाकडाचा स्टोव्ह धुमसत ठेवू नका: यॉर्कशरमधल्या एका हिवाळ्यानंतर

आमचं घर उत्तर इंग्लंडात, वेस्ट यॉर्कशरमध्ये, पेनाइन्स डोंगररांगेच्या उतारावर. दगडी भिंतींचं, ओळीतलं, शंभरी ओलांडलेलं. गॅसवर चालणारं सेंट्रल हीटिंग आहेच, पण बैठकीच्या खोलीत कोळशाची जुनी शेगडी बंद पडून होती. तिच्या जागी आम्ही पाच किलोवॅटचा लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत वापरला. इकडे जुनी घरं घेणारे बरेच मराठी ओळखीचे विचारतात, घ्यावा का? म्हणून सविस्तर लिहिते आहे.

निकाल आधीच सांगते. स्टोव्ह छान आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. लाकूड कोरडं साठवायला जागा हवी आणि पेटवल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं त्याच्यापाशी बसायची तयारी हवी. बटण दाबून विसरून जायचं असेल, तर पैसे वाया जातील. घरात कुणाला दमा असेल तर माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका.

पहिला प्रश्न आकाराचा. दुकानात आठ किलोवॅटचा पुढे केला जातो आणि आपल्यालाही वाटतं, मोठा घेऊ आणि मंद चालवू. लाकडाच्या स्टोव्हच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. मोठी भट्टी हवा कोंडून मंद चालवली की लाकूड जळत नाही, धुमसतं. छोटी भट्टी भरपूर हवेवर जोरात चालवणं कधीही चांगलं. आमच्या मध्यम खोलीला पाच किलोवॅट पुरून उरतात. शिवाय इंग्लंडच्या बांधकाम नियमांत पाच किलोवॅटपर्यंतच्या स्टोव्हला जुन्या, फटीफटींतून हवा येणाऱ्या घरात सहसा वेगळा झरोका लागत नाही. त्यापुढे भिंतीत कायम उघडा झरोका ठेवावा लागतो. नव्या, घट्ट बांधलेल्या घरांना मात्र लहान स्टोव्हलाही तो लागतो.

बसवणं स्वतः करायच्या फंदात पडू नका. 'हेटास' या स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेला माणूस बोलावला की कामाचा दाखला तोच देतो. नाहीतर आधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या खात्याला, कळवून तपासणी करून घ्यावी लागते. घर विकताना आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी हा कागद मागतात. आमच्या जुन्या दगडी धुराड्यात वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडली, वर जाळीची टोपी बसवली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत लावणं सक्तीचं आहे: स्टोव्हपासून आडव्या अंतरात एक ते तीन मीटर, छतावर असेल तर भिंतीपासून किमान तीस सेंटिमीटर दूर. या वायूला ना रंग ना वास, त्यामुळे धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. अलार्मचं बटण मी दर आठवड्याला दाबून बघते.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. बसवणाऱ्याने शेवटी धुराची चाचणी घेतली ती स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून. कारण सोपं आहे: पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायला बघते आणि सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे धुराडं. धूर वर जायच्या ऐवजी खाली ओढला जातो. आपल्याकडे मिरच्यांची फोडणी पडली की पंखा सगळ्यात मोठ्या आकड्यावर जातो. आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकघराचं दार बंद आणि तिथली खिडकी किलकिली असते. पंखा चालू असताना स्टोव्हचं दार कुणी उघडत नाही.

आता लाकूड. स्टोव्ह कोणत्या कंपनीचा यापेक्षा लाकूड किती ओलं, याने जास्त फरक पडतो. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचं असेल तर त्यात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही आणि पिशवीवर 'रेडी टू बर्न'चा, म्हणजे जाळायला तयार असल्याचा, शिक्का लागतो. मोठा ढीग मागवला तर ओलं लाकूडही मिळू शकतं, फक्त ते कसं वाळवायचं याची माहिती सोबत द्यावी लागते. ओलं लाकूड घेणारा वजनाने पाणीच विकत घेत असतो आणि तेच पाणी उकळून त्याची वाफ करण्यात भट्टीची धग खर्ची पडते. भट्टी तापली नाही की धूर जळत नाही, आणि न जळलेला धूर वर थंड नळीत डांबरी थर होऊन बसतो. तो थर म्हणजे क्रिओसोट. धुराड्यात लागणाऱ्या आगींचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं.

म्हणून ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र पहिल्या दिवशीच घ्या. वापरायची पद्धत मात्र नीट शिकून घ्या. ओंडक्याच्या टोकाला सुया टोचून काही कळत नाही. टोक आधी वाळतं. ओंडका कुऱ्हाडीने मधोमध फोडायचा आणि फुटलेल्या ताज्या अंगाला, मध्यभागी, रेषांच्या दिशेने सुया रोवायच्या. आमच्याकडे आलेल्या एका ढिगात टोकाला चौदा दाखवणारा ओंडका आत सव्वीस निघाला. बाहेरून हात लावला तर खडखडीत. तो सगळा ढीग पुढच्या वर्षासाठी मागे रचून ठेवलाय. या भागात सध्या ॲश या इथल्या झाडाचं लाकूड खूप येतं, कारण ॲश डायबॅक नावाच्या बुरशीने झाडं मरतायत आणि रस्त्याकडेची तोडावी लागतायत. २०१२ साली हा रोग ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडला. झाडांचं वाईट वाटतं, पण जळण म्हणून ॲश उत्तम: सरळ फुटतं, लवकर वाळतं, ठिणग्या कमी. ओकला दोन वर्षं तरी वाळवावं लागतं. रंग दिलेलं, औषध मारलेलं, प्लायवूड, किनाऱ्यावर वाहून आलेलं खारट लाकूड यातलं काहीही भट्टीत घालू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि खारवलेलं लाकूड तर नळीचं स्टीलही खातं.

पेटवायची पद्धत आमची वरून खाली. तळाशी दोन जाड फाकळ्या, वर काटक्यांची आडवी-उभी रचना आणि पेटवण सगळ्यात वर. चुलीची सवय असणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण ज्वाळा वर असल्यामुळे खालून निघणारा धूर तिच्यातूनच जातो आणि जळून जातो. सुरुवातीला हवेचे दोन्ही दट्टे पूर्ण उघडे. लाकूड नीट पेटलं की खालची हवा बंद करायची आणि पुढचं सगळं वरच्या हवेवर. ही वरची हवा काचेवरून खाली येते, काच साफ ठेवते आणि धुरातला वायू पेटवते. नळीवर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावलाय. एकेरी पत्र्याच्या नळीवर साधारण ११५ ते २४५ अंशांच्या मध्ये काटा असावा. खाली राहिला तर काजळी साठते, वर गेला तर स्टोव्ह आणि नळी दोन्हींवर ताण येतो. नवं लाकूड एकावेळी एक, फार तर दोन, तेही लालबुंद निखाऱ्यांवर. दार आधी बोटभर उघडून क्षणभर थांबायचं, मग पूर्ण. एकदम उघडलं की धुराचा लोट खोलीत येतो.

डिसेंबरात आई आली होती, संगमेश्वरहून. तिचा सगळा जन्म चुलीपुढे गेलेला, त्यामुळे दोन दिवसांत स्टोव्ह तिच्या ताब्यात. रात्री मला म्हणाली, "अगं, दोन ओंडके घाल, ते झाकण बंद कर आणि विस्तव राखेत पुरून ठेव. सकाळी काडेपेटी लागायची नाही." घरच्या चुलीसाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. तिथे वर कौलं, चारी बाजूंनी हवा, आणि धूर साठायला बंद नळीच नाही. इथे त्याच कृतीने रात्रभर भट्टी थंड आणि हवेविना धुमसत राहते, नळीत डांबर बसतं आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड यायची शक्यता वाढते, तीही घर झोपलेलं असताना. तिला नळीची रचना दाखवली, तेव्हा तिनेच पुढचा प्रश्न विचारला: "मग शेवटचं लाकूड कधी घालायचं?" आमचा नियम तेव्हापासून ठरला: झोपण्याच्या तासभर आधी शेवटची फाकळी. ती नीट जळून निखारे होईपर्यंत हवा कमी करायची नाही. दिवसा धग जास्त वाटली तर खिडकी उघडतो किंवा पुढचं लाकूड घालत नाही, हवा मात्र कोंडत नाही. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा.

देखभालीचा पसारा फार नाही, पण नेमाने करावा लागतो. काच थंड असताना ओला कागद राखेत बुडवून पुसली की झालं. काच वारंवार काळी पडत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. दाराच्या कडेची, फटीतून हवा आत येऊ न देणारी दोरी महिन्यातून एकदा तपासते: दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं, पट्टी सरकन निघून आली तर दोरी दबली आहे, बदलायची. आमची मार्चमध्ये बदलली. काम अर्ध्या तासाचं, पण आधीचा डिंक पूर्ण खरवडून काढावा लागतो. आतल्या व्हर्मिक्युलाइटच्या (धग सोसणाऱ्या हलक्या खनिजाच्या) विटांना एखादी चीर चालते, तुकडा पडला की बदलायची.

राख सगळी काढायची नाही. लाकूड बोटभर राखेच्या थरावर जास्त छान जळतं. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत आणि बादली लगेच घराबाहेर, दगडावर. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो, म्हणून प्लास्टिकची पिशवी किंवा लाकडी डेक अजिबात नको. पूर्ण थंड राख चाळून आईने चिंचेबरोबर समई घासली, लखलखीत झाली. उरलेली बागेत थोडी थोडी, बटाट्याची जागा सोडून, कारण क्षारामुळे बटाट्यावर खवडे येतात.

धुराडं साफ करायला वर्षातून किमान एकदा माणूस बोलवायचाच. लाकूड रोज जळत असेल तर दोनदा, हिवाळ्याआधी आणि नंतर. दाखला जपून ठेवायचा. धुराड्यात आग लागली तर विमान जवळून गेल्यासारखा घुमणारा आवाज येतो. अशा वेळी स्टोव्हचं दार आणि हवा पूर्ण बंद, सगळे घराबाहेर, आणि ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर फोन. पाणी ओतायचं नाही.

धुराबद्दल गप्प बसणं मला पटत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुकं बसलं, त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. आमचं गाव आजही धूर नियंत्रण क्षेत्रात येतं. इथे मान्यताप्राप्त स्टोव्हच चालतो आणि धुराड्यातून धूर दिसला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. २०२२ पासून विकले जाणारे नवे स्टोव्ह इकोडिझाइनच्या, म्हणजे धूर आणि कणांवरच्या नियमांच्या, मर्यादेत असतात आणि जुन्या उघड्या शेगडीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहेत. तरी बारीक कण निघतातच. जागतिक आरोग्य संघटनेची या बारीक कणांसाठीची (पीएम २.५) वार्षिक मर्यादा घनमीटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून आम्ही स्टोव्ह रोजचं हीटिंग म्हणून वापरत नाही. वारा पडलेल्या, धुकं साचलेल्या संध्याकाळी तर पेटवतच नाही. शेजारी तान्हं बाळ आहे, त्यांच्या खिडक्या आमच्या धुराड्याखालीच येतात.

मग उपयोग काय? कडाक्याच्या थंडीत एकच खोली मनापासून ऊबदार होते. वीज गेली तरी स्टोव्ह चालतो, आणि आमच्या सेंट्रल हीटिंगच्या बॉयलरला मात्र वीज लागते. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात उत्तरेकडच्या हजारो घरांत आठवडाभर वीज नव्हती, ते इथले लोक विसरलेले नाहीत. निराशा झाली ती स्टोव्हवर ठेवायच्या, उष्णतेवर फिरणाऱ्या पंख्याने. छोट्या खोलीत त्याचा फरक जाणवत नाही, ते पैसे वाचवा. वरच्या मजल्यावर ऊब फारशी पोचत नाही. धूळ वाढते. लहान मुलं असतील तर भिंतीला अडकवायची जाळी हवीच, कारण काच हात भाजण्याइतकी तापते आणि आग विझल्यावरही बराच वेळ तशीच राहते. ओले कपडे समोर वाळत घालायचा मोह होतो. तेही नको.

आता मे महिना. धुराडं साफ करून झालं. वर जाळी असल्यामुळे जॅकडॉ या छोट्या कावळ्यांनी धुराड्यात घरटं केलं नाही. एकदा त्यांनी घरटं बांधायला घेतलं की पिल्लं उडून जाईपर्यंत कायद्याने घरटं काढता येत नाही, तेव्हा ही टोपी आधीच लावून घ्या. हवेचे दट्टे उन्हाळाभर उघडे ठेवलेत, म्हणजे नळीत दमट हवा कोंडून गंज धरणार नाही. पुढच्या हिवाळ्याचं ॲश फोडून परसात रचलंय, वरून पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीने सगळीकडून गुंडाळलं तर लाकूड आतल्या आत कुजतं.