खानापूर तालुक्यात घराण्याचा शोध: दिवाळीपासून आजपर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीत हाती घेतलेलं काम उन्हाळा सरत आला तरी चालू आहे. आता त्याबद्दल ठामपणे काही सांगता येईल असं वाटतं, म्हणून लिहिते. काम म्हणजे माहेरच्या घराण्याची वंशावळ. गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याहून घाटमाथ्याकडे जाताना लागतं. मी राहते पुण्यात. तहसीलचं रेकॉर्ड, जुने फेरफार, कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, मोडी लिपीचे जाणकार, घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे हेळवी, नाशिकचे तीर्थोपाध्याय आणि आमची भावकी, एवढं सगळं वापरून झालं. पुरुषांचीच वंशावळ हवी असेल तर बरंचसं काम कागदावर भागतं. बायकांची नावं हवी असतील तर माणसांच्या दारात जावंच लागतं. मला बायकांची हवी होती.

घरात एक वंशावळ आधीपासून होती, जातपडताळणीच्या वेळी काढलेली. सुभाना, त्याचा धोंडी, धोंडीचे तीन मुलगे, पुढे त्यांची मुलं. पाच पिढ्यांत एकही बाई नाही. अर्जाला तेवढं पुरतं, पण मला ते डोळ्यांत खुपायचं. धोंडीआबा माझे पणजोबा. त्यांच्या आईचं नाव घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

पहिली गोष्ट: आपलं गाव आज ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात जुने कागद असतील असं धरून चालू नका. सांगली जिल्हा 1949 साली सातारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं आणि 1960 साली ते सांगली झालं. खानापूर तालुका त्याआधी साताऱ्याचा. शेजारची आटपाडी तर औंध संस्थानात होती, म्हणजे 1948 च्या विलीनीकरणाआधीचा तिथला कागद वेगळ्याच दप्तरातला. त्यामुळे आधी गावाचा इतिहास काढा. गाव खालशातलं, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचं, की संस्थानातलं, इनाम होतं का, तालुका कधी बदलला. आमच्या गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी हे मला अर्ध्या तासात सांगितलं. नाहीतर चुकीच्या कार्यालयांचे उंबरे झिजवण्यात महिने गेले असते.

दुसरी गोष्ट या तलाठीअण्णांनीच शिकवली: नाव घेऊन जाऊ नका, जमीन घेऊन जा. रेकॉर्ड रूममध्ये आडनावांची सूची नसते. तिथे सगळं गाव आणि सर्व्हे नंबरवर लागलेलं असतं. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. जमीन एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर मोडून हे गट पडले, त्यामुळे एकत्रीकरणाच्या पत्रकावरून आपल्या गटाचा जुना सर्व्हे नंबर काढायचा. मग त्या सर्व्हे नंबरचा जुना सातबारा काढायचा. त्यावर नावांशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफारांचे नंबर. फेरफार म्हणजे गाव नमुना 6. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली आणि का गेली, ते तिथे चार ओळींत लिहिलेलं असतं. वाटणी, खरेदी, गहाण, वारस. एक फेरफार मागच्या फेरफाराकडे नेतो, तो आणखी मागच्याकडे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 साली झाला, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या वाटेने जाता येतं.

जुन्या कागदांत आडनाव बहुतेक वेळा नसतंच. 'धोंडी बिन सुभाना', म्हणजे सुभानाचा मुलगा धोंडी, एवढंच असतं. शिवाय नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. आमच्या गावात एकाच वेळी दोन सुभाना होते, आणि दोघांच्या मुलांची नावंही जवळपास सारखी. त्यांना वेगळं करता आलं ते फक्त शेताच्या नंबरवरून. एकाची जमीन ओढ्याच्या वर होती, दुसऱ्याची माळाला.

हे करताना भावकी बिथरते, त्याची तयारी ठेवा. लग्न होऊन गेलेली मुलगी अचानक जुने उतारे काढायला लागली, ही बातमी गावात एका दिवसात फिरते. मोठे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांनी तोंडावरच विचारलं, "पोरी, वाटणी मागायची हाय का काय तुला?" त्यांची काळजी खोटी नव्हती, असे प्रकार घरोघरी झालेले आहेत. मग मी तात्यांपुढे बसून काय हवंय आणि कशासाठी ते सांगितलं, काढलेल्या प्रत्येक नकलेची एक प्रत त्यांना दिली आणि पुढच्या वेळी त्यांच्याच मुलाला, माझ्या चुलतभावाला, सोबत नेलं. त्यानंतर सगळं सोपं झालं. ज्या पेटीला कुणी हात लावू देत नव्हतं ती पेटी तात्यांनी स्वतः खाली काढली. माझ्या मते या कामात सगळ्यांत मोलाचं साधन हेच: घरातलं एक वडीलधारं माणूस आपल्या बाजूने असणं.

आता मोडी. 1950 च्या आधीचे आमचे बहुतेक कागद मोडीत निघाले. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत नेलेलं, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, ते करण्यासारखे आहेत. वर्ग करून छापल्यासारखी मोडी वाचता येते. पण तलाठ्याने घाईत लिहिलेली मोडी वाचायला जाणकारच लागतो. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून जुनी रजिस्टरं बाहेर आली, पुष्कळ ठिकाणी स्कॅन झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना मान आणि मागणी दोन्ही आली. गर्दी मात्र फार आहे. मला मदत केली ती एका निवृत्त शिक्षकांनी. ते पानामागे पैसे घेतात आणि ते योग्यच आहे. त्यांच्याकडे जाताना एक पान नेऊ नका. त्याच माणसाच्या हातची आधीची-नंतरची पानंही न्या, म्हणजे हस्ताक्षराची सवय होते.

त्यांनी वाचून दाखवलेला 1919 सालचा एक फेरफार माझ्यासमोर अजून जसाच्या तसा आहे. पिवळट कागद, उजवी कड वाळवीने खाल्लेली, शाई तपकिरी झालेली. मजकूर असा: सुभाना मयत, वारस मुलगा धोंडी, वय 6, अ.पा.क. आई बायजा कोम सुभाना. कोम म्हणजे बायको, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा अज्ञान, म्हणून कागदावर आईचं नाव लागलं. मुलगा सज्ञान असता तर ते तिथे आलंच नसतं. सरांनी बोट ठेवून 'बायजा' दोनदा वाचलं आणि मी चुलतभावाकडे बघितलं. शंभर वर्षांत त्या नावाचा उच्चार आमच्या घरातल्या माणसांसमोर बहुधा पहिल्यांदाच होत होता. ज्यांना घरातल्या बायका शोधायच्या आहेत त्यांनी असे फेरफार शोधावेत, नवरा लवकर गेला आणि मुलं लहान राहिली अशा वर्षांतले. दुष्काळ, प्लेग आणि 1918 ची साथ यांच्या लगोलगची वर्षं.

1918 चं कारण कोतवाल बुकात मिळालं. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये असायच्या, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. आमच्या गावच्या त्या रजिस्टरात एरवी एका पानावर काही महिने मावतात. 1918 च्या ऑक्टोबरात मात्र पानामागून पान मृत्यूंचंच आहे, कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'सदर', 'सदर', 'सदर'. हीच ती मानमोडी, इन्फ्लुएन्झाची साथ, जिने देशभरात कोटीहून अधिक माणसं नेली. सुभाना त्या पानांवर आहे, आणि तीन दिवसांनी त्याची धाकटी मुलगी, नाव न लिहिलेली. जन्माच्या नोंदींतही असंच दिसतं: 'अमक्यास मुलगा झाला' एवढंच, बाळाचं नाव नाही, कारण नोंद बारशाच्या आधीची. मग ते मूल कोणतं हे शाळेच्या रजिस्टरशी ताडून बघावं लागतं. आणि शाळेतल्या जन्मतारखेवर विसंबू नका. निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून आहे, ती मास्तरांनी दाखला घेताना टाकलेली.

कोतवाल बुकं सगळीकडे मिळत नाहीत. एका कार्यालयात मला सरळ सांगितलं गेलं की त्या वर्षांचं काही शिल्लक नाही, आणि पुढे तेच रजिस्टर दुसऱ्या खोलीत निघालं. तिथल्या एका शिपाईमामांना ते माहीत होतं. बाईंडिंग सुटलेल्या गठ्ठ्यांत काय कुठे आहे हे अशाच माणसांच्या डोक्यात असतं. नकलेच्या अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प आणि नकल फी, एवढाच खर्च. बाकी लागतो तो धीर.

हेळव्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण शहरातल्या पुष्कळांना ते माहीतच नाहीत. हेळवी मूळचे कर्नाटकातले. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या सुगीनंतर येतात. प्रत्येक हेळव्याची गावं आणि घराणी ठरलेली. पूर्वी बैलावरून यायचे, आता मोटारसायकलवरून येतात. दारात बसून घराण्याचं मूळ ठिकाण, कुलदैवत, कोण कुठून उठून कुठे आलं, कुणाला किती मुलं, सगळं म्हणून दाखवतात, वहीत नव्या जन्मांची भर घालतात आणि धान्य, कपडे, पैसे घेऊन जातात. आमच्या घरी बरीच वर्षं त्यांना कुणी बसवलं नव्हतं. शेजारच्या वाड्यातल्या काकूंनी निरोप दिला आणि माघानंतर ते आले.

त्यांचं म्हणणं मी कागदाशी ताडून पाहिलं. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या जवळजवळ तंतोतंत जुळल्या. त्याच्या मागचं सगळं गौरवाच्या सुरात जातं, ते ऐकावं, पुराव्यात धरू नये. पण कागदात नसलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली. बायजा सुभानाची लग्नाची, आणि सुभाना गेल्यावर धाकटा दीर नामदेव याच्याशी तिचा पाट लागला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ओट्यावरची सगळी माणसं गप्प झाली. तात्या उठून आत गेले.

म्हणजे तिचं नाव उगाच विसरलं गेलेलं नव्हतं. पाट आमच्याकडे सर्रास होत, मानमोडीनंतर तर गावोगाव झाले असतील. सहा वर्षांचं पोर, नावावर जमीन, घरात दुसरा कर्ता नाही. पण पुढे घराला शाळा, नोकऱ्या, मान मिळत गेला तशी ही गोष्ट कुणी सांगेनासं झालं. नामदेवाचे वंशज म्हणजे आमच्या भावकीतलं ज्या घराशी बांधावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे ते घर. चुलत समजत होतो, तर एका आईचे निघालो. तात्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "हे लिवायचं न्हाई." मी लगेच लिहिलं नाही. दोन्ही घरांतल्या मोठ्यांशी बोलले. नामदेवाच्या घरातल्या आज्जींना ते सगळं ठाऊक होतं, त्यांच्या सासूने सांगितलेलं. त्यांनीच तात्यांची समजूत घातली. आता वंशावळीत बायजा मध्ये आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन फांद्या. मला हे लिहिणं फार गरजेचं वाटत होतं. दोन घरं जिने उभी केली तीच वंशावळीत नसावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. पण घरातल्यांच्या संमतीशिवाय असं काही लिहू नये, हेही तितकंच खरं मानते.

नाशिकला गेलो ते एवढ्यासाठी की सुभानाच्या मागची पिढी मिळावी. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे गाव आणि आडनावाप्रमाणे वह्या असतात, कोण कधी आलं, सोबत कोण, ते लिहिलेलं. आमच्या घरातली एकच नोंद मिळाली, धोंडीआबा आईच्या अस्थी घेऊन आले होते ती. नवीन नाव काही नाही. जाताना मूळ गाव, तालुका, कुळ नीट सांगता आलं पाहिजे. आजचा पत्ता तिथे कामाचा नाही.

सगळ्यांत अनपेक्षित मदत आली ती कोइमतूरहून. विटा-खानापूरकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, आमच्या भावकीतलंही एक घर तिकडे गलाईचं काम करतं. त्यांच्या आजोबांनी गावाकडून नेलेल्या ट्रंकेत धोंडीआबांच्या लग्नातली आहेराची वही निघाली. त्यांनी पानांचे फोटो पाठवले, सरांनी वाचले. सुरुवातीलाच 'मामाचा आहेर', पुढे मामाचं नाव आणि येरळाकाठच्या एका गावाचं नाव. नवरदेवाचा मामा म्हणजे बायजाचा भाऊ. तिचं माहेर सापडलं. लग्नाच्या जुन्या वह्या कुणी जपत नाही, रद्दीत जातात, पण सुना कुठून आल्या आणि मुली कुठे दिल्या हे त्यांच्याइतकं दुसरीकडे कुठेच मिळत नाही. घरात असतील तर आजच फोटो काढून ठेवा.

हे काम कुणी करावं? ज्यांना एका अर्जापुरती वंशावळ हवी आहे त्यांनी शाळेचं रजिस्टर आणि जुने फेरफार काढावेत, तेवढं बस. ज्यांना आपली माणसं हवी आहेत त्यांनी गावात राहायची तयारी ठेवावी आणि म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करावी, कारण रजिस्टरं आणखी काही वर्षं टिकतील, ती माणसं टिकतीलच असं नाही. मी आधी कागद घेतले आणि मग माणसं. पुन्हा करायचं झालं तर उलट क्रमाने करीन.

येरळाकाठच्या त्या गावात बायजाच्या भावाचे पणतू आहेत. नामदेवाच्या घरातल्या आज्जींच्या ओळखीतून फोन लागला. त्यांच्याकडे हेळवी अजून दरवर्षी येतो. पेरण्या उरकल्या की तात्या, आज्जी आणि मी त्यांच्याकडे जाणार आहोत. तात्यांनी फेरफाराची नकल लॅमिनेट करून घेतली आहे, ती ते स्वतःच घेऊन येणार म्हणालेत.