किडनीचं दुखणं असताना: पाकिटातली सलामी की घरचं थंड चिकन?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत रविवारी मटण-चिकन ठरलेलं, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलं की पहिला प्रश्न येतो, मांसाहार सोडायचा का? ते तुमच्या डॉक्टरांवर सोपवा. मी त्याच्या पुढचं लिहितोय: प्रोटीनचा जेवढा कोटा मिळालाय, तो सलामी-सॉसेजने भरायचा की ताज्या चिकनने?

मिठाचं गणित तुम्हाला पाठ असेल. दिवसाला २ ग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. १०० ग्रॅम सलामीत त्यातला जवळपास निम्मा वाटा संपतो. तेवढ्याच ताज्या चिकनमध्ये मुळात सोडियम ७० मिलीग्रॅमच्या आसपासच असतं. तरी इथे तडजोड निघते. दोनच चकत्या खायच्या, त्या दिवशी लोणचं-पापड आणि सेव-उसळ बंद. एवढ्यावरून मी सलामी सोडली नसती.

सोडली ती फॉस्फेटमुळे, म्हणजे फॉस्फरसच्या क्षारामुळे. किडनी कमजोर असली की फॉस्फरस रक्तात साठत जातो. मांसातला नैसर्गिक फॉस्फरस शरीर साधारण निम्माच शोषतं. पाणी धरून ठेवायला वरून घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. पाकिटावर भिंग लावून वाचलं की आयएनएस ४५०, ४५१, ४५२ असे आकडे (खाण्यात मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक) सापडतात, पण किती घातलंय ते छापलेलं नसतं. सोडियम लिहितात, फॉस्फरस नाही. मी खाल्लेलं सगळं वहीत लिहितो. आहारतज्ज्ञ बाई वही उघडायच्या आणि सलामीच्या ओळीत फॉस्फरसचा रकाना कोरा. माझा फॉस्फरस आधीच काठावर होता, मला हे अंदाजपंचे चालवणं जमेना.

‘कमी मीठ’वाली पाकिटं जपून घ्या. काहींत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं, आयएनएस ५०८. पोटॅशियम वाढलेलं असेल तर ते साध्या मिठापेक्षा वाईट.

चवीला सलामी वरचढ, हे मान्य. धुराचा तो वास घरी येत नाही. शिवाय पाकीट फोडलं की काम झालं. चिकनची तयारी आदल्या दिवशी करावी लागते. छातीचा तुकडा लसूण, मिरी आणि लिंबू लावून पाण्यात शिजवायचा आणि ते पाणी टाकून द्यायचं, थोडा फॉस्फरस त्यातच जातो. रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट झाला की धारदार सुरीने आडव्या पातळ चकत्या निघतात, पोळीत गुंडाळायला छान. चिकन समोर कापून घेतलेलं बरं. गोठवलेल्यात कधीकधी मिठाचं पाणी आणि फॉस्फेट भरलेलं असतं.

सलामी खाल्ली की मला रात्री पाण्यासाठी उठावं लागे आणि दुसऱ्या दिवशी मोज्याचा वळ पोटरीवर बराच वेळ राही. चिकनने तसं होत नाही. तुमचं वेगळं असू शकेल.

डायलिसिसवर असाल तर प्रोटीन उलट जास्त लागतं, वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. तेव्हा पाकीट सोयीचं वाटेल, पण फॉस्फरस तिथेही सांभाळावाच लागतो. मी तरी चिकनच घेईन.