कोवविन आणि ऑक्टेनॉलची बाटली: काही महिने दोन्ही वापरल्यावर

कोवविन फुकट मिळतं, पण ते चांगलं आहे ते फुकट आहे म्हणून नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, संचातला हा छोटासा प्रोग्राम. रेणूचा स्माइल्स (रचना अक्षरांत लिहायची पद्धत) किंवा कॅस क्रमांक (रसायनाचा नोंदणी क्रमांक) टाकला की लॉग पीचा अंदाज लगेच समोर. लॉग पी म्हणजे पदार्थ पाण्यापेक्षा ऑक्टेनॉल या तेलकट अल्कोहोलमध्ये किती पट जास्त जातो त्याचा लॉगॅरिदम: ३ म्हणजे हजारपट. आमच्याकडून युरोपला इंटरमिजिएट्स (दुसरी रसायनं बनवताना मधल्या टप्प्यात लागणारे पदार्थ) जातात आणि तिथल्या रीच या रसायनांच्या नियमांत वर्षाला एक टन मालापासूनच ऑक्टेनॉल-पाणी विभाजन गुणांक, म्हणजे हाच लॉग पी, मागतात. त्यामुळे गेले काही महिने एका टेबलावर कोवविन आणि दुसऱ्यावर शेक-फ्लास्क, म्हणजे पदार्थ ऑक्टेनॉल आणि पाण्यात हलवून प्रत्यक्ष मोजणं, असं चालू आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते हिशोब उघडा दाखवतं, किराण्याच्या बिलासारखा. बेंझिनचे सहा ॲरोमॅटिक कार्बन, प्रत्येकी ०.२९४, वर सगळ्यांनाच लागू होणारा ०.२२९, बेरीज १.९९. प्रत्यक्ष मोजलेला आकडा २.१३. टोल्युइनमध्ये मिथाइलचे ०.५४७ वाढले की २.५४, मोजलेला २.७३. म्हणजे फरक ०.१ ते ०.२ चा, आणि कुठला गट किती देतोय ते समोरच दिसतं. पैसे मोजून घेतलेल्या काही प्रोग्राममध्ये नुसता आकडा येतो. तो कुठून आला हे विचारायची सोय नाही. शिवाय त्या पदार्थाचा प्रयोगातून आलेला आकडा संग्रहात असेल तर कोवविन तो अंदाजाशेजारी वेगळा छापतं. हा वेगळेपणा रिपोर्टमध्ये जपायला हवा. पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन संग्रहात दिसणारा एक्सलॉगपी३ हा लॉग पीही गणितातूनच आलेला, पण तो ‘मोजलेला’ म्हणून फाइलमध्ये उतरवणारे मी पाहिलेत.

आता तक्रारी. सिस आणि ट्रान्स, म्हणजे अणूंची जोडणी तीच पण मांडणी वेगळी असलेले रेणू, याला सारखेच. एकमेकांत बदलणाऱ्या रूपांपैकी कीटो रूप काढलं तर एक उत्तर, ईनॉल काढलं तर दुसरं, आणि बाटलीत कुठलं रूप जास्त आहे हे त्याला कळायचं काही कारण नाही. आम्लं आणि अमाइन्सच्या बाबतीत मिळणारा आकडा आयन न झालेल्या रेणूचा असतो. आयबुप्रोफेनचा लॉग पी ३.९७, पण रक्ताच्या ७.४ पीएचला बहुतेक रेणू आयन झालेले असतात आणि लॉग डी, म्हणजे आयन झालेले रेणूही धरून त्या पीएचला येणारा आकडा, १ च्या आसपास येतो. औषधवाल्यांशी बोलताना दोन्हींची गल्लत झाली की मीटिंग लांबते.

तरीही मी कोवविन रोज उघडतो, ते शेक-फ्लास्कची आखणी करायला. लॉग पी ३ च्या आसपास येणार असेल तर समान आकारमानं घेऊन काय मिळणार? हजारातला एक भाग पाण्यात. त्यापेक्षा १ मिली ऑक्टेनॉल आणि १०० मिली पाणी घेतलं की साधारण ९ टक्के पदार्थ पाण्यात राहतो आणि दोन्ही थरांचा हिशोब जुळवता येतो. ओईसीडी १०७ या शेक-फ्लास्कच्या आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धतीत दोन द्रवांची तीन वेगवेगळी प्रमाणं, प्रत्येकी दोनदा, आणि सगळी उत्तरं ±०.३ च्या आत हवीत. ती तीन प्रमाणं कुठली घ्यायची हे आधी अंदाज असल्याशिवाय ठरवणं म्हणजे ऑक्टेनॉल वाया घालवणं. (आणि त्याचा वास! शर्टाला बसला की घरचे दारातच ओळखतात.)

प्रयोग वरवर सोपा आहे: दोन्ही द्रव आदल्या दिवशी एकमेकांनी संपृक्त करायचे, पाच मिनिटांत शंभरेक वेळा उलटसुलट करायचं, सेंट्रिफ्यूज, मग दोन्ही थर मोजायचे. घाई न करता करायचं काम म्हणजे पाण्याचा नमुना घेणं. काचेच्या सिरिंजमध्ये थोडी हवा ठेवून ऑक्टेनॉलच्या थरातून जाताना ती हळूहळू सोडत जायचं, म्हणजे सुईत ऑक्टेनॉल शिरत नाही. नवीन मुलांना मी आधी हेच शिकवतो, एचपीएलसी (द्रवातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र) नंतर.

कारण खरा शत्रू दिसतच नाही. पदार्थाचा लॉग पी ५ असेल आणि १०० मिली पाण्यात ऑक्टेनॉलचे अगदी १ मायक्रोलिटर थेंब तरंगत राहिले, तर त्या थेंबांत जितका पदार्थ असतो तितकाच त्या सगळ्या पाण्यात खरोखर विरघळलेला असतो. म्हणजे पाण्यातलं प्रमाण दुप्पट दिसतं आणि लॉग पी ०.३ ने खाली. म्हणून ही पद्धत साधारण −२ ते ४ पर्यंतच धरतात. डीडीटीचं उदाहरण प्रसिद्ध आहे: छापील आकडे काही पटींनी नव्हे, हजारो पटींनी वेगळे निघाले, असं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या २००१ च्या अहवालात आहे. जुने आकडे एका लेखातून दुसऱ्यात उचलताना झालेल्या चुकाही त्यात आहेत.

४ च्या वर आम्ही एचपीएलसी पद्धत वापरतो, ओईसीडी ११७. सी१८ कॉलम, मिथेनॉल-पाणी, निदान सहा संदर्भ पदार्थ, डेड टाइमसाठी (कॉलममध्ये न अडकणाऱ्या पदार्थाला बाहेर यायला लागणारा वेळ) थायोयुरिया. रेंज ० ते ६, काम लवकर होतं, नमुना थोडा अशुद्ध असला तरी चालतं. पण हे थेट मोजमाप नाही, पदार्थ कॉलममध्ये किती वेळ अडकतो त्यावरून, संदर्भ पदार्थांच्या रेषेवर काढलेलं उत्तर आहे. तीव्र आम्लं, तीव्र क्षारके आणि पृष्ठसक्रिय पदार्थ इथे बसत नाहीत. साबणासारखे पदार्थ तर फ्लास्कमध्येही फेस करून सगळं एक करून टाकतात. त्यांच्यासाठी मी कोवविनच्या आकड्यावरही फारसा भरवसा ठेवत नाही.

सध्या एका क्लोरिनयुक्त पदार्थाला कोवविन ६ च्या वर दाखवतंय. टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात लॉग पी ५ च्या वर गेला की जैवसंचयाचा (सजीवांच्या शरीरात साठत जाण्याचा) प्रश्न उभा राहतो, म्हणून इथे अंदाजावर भागणार नाही. ऑक्टेनॉलचे थेंब सुटू नयेत म्हणून ओईसीडी १२३ मध्ये संथ ढवळतात, त्यासाठी तळाला तोटी असलेलं भांडं मागवलंय. भोवरा अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायचा नाही आणि काही दिवस तसंच ढवळत ठेवायचं. आकडे आले की इथेच लिहीन. तोवर कोवविनला पाचपैकी चार तारे.